बर्फातले गावठी

अमळनेर, १४ नोव्हेंबर २०२४

तेजसभाऊ,

फोन तू उचलत नाहीस. मेसेजला दोन निळ्या रेघा येतात आणि पुढे काही नाही. म्हणून पत्र. पत्र मधेच कापता येत नाही. तुझ्या हैदराबादच्या स्टुडिओचा पत्ता आत्याकडून घेतला, तिच्यावर चिडू नकोस.

कारखान्याची पाटी अजून जुनीच आहे, हे आधी सांगते. आबांनी कारखाना माझ्या हाती दिला आणि तू बॅग भरून गेलास, एवढंच गावाला माहीत आहे. कोणी विचारलं तर मी म्हणते, त्याला तिकडे सिनेमाच्या सेटचं मोठं काम लागलं. ते खोटंही नाही.

आता खरी गोष्ट. भाऊ, आपल्याला कुत्र्यांची ऑर्डर मिळाली. सात कुत्रे, बर्फावरची लाकडी गाडी आणि तिच्यामागे उभा एक माणूस. नाशिकला नवं विज्ञान संग्रहालय होतंय, त्यात ध्रुवप्रदेशाचं दालन आहे. आतली सगळी सजावट जळगावच्या समाधान ठेकेदाराकडे आहे आणि मूर्तीकाम त्याने आपल्याला दिलंय. मागणीत स्पष्ट लिहिलंय: शंभरेक वर्षांपूर्वी सैबेरियातून अलास्कात नेलेले कामाचे कुत्रे. फेब्रुवारीच्या शेवटी, विज्ञानदिनाला उद्घाटन.

जन्मापासून आपण गणपती केले, दुर्गा केल्या, चौकाचौकातले पुढारी केले. जनावर केलं ते कुणाच्या तरी पायाशी किंवा कुणाच्या तरी खाली. उंदीर, सिंह, घोडा. आता पहिल्यांदाच जनावर स्वतःच्या जिवावर उभं राहणार. समाधानने फोटो पाठवलेत: काळे-पांढरे, झुबकेदार, निळ्या डोळ्यांचे हस्की, कॅलेंडरवर असतात तसे. पहिल्याचा सळईचा सांगाडा मी आजच वळवला.

आबा बरे आहेत. तुझं नाव काढत नाहीत, पण तुझी जुनी स्प्रे गन त्यांनी रॉकेलने साफ करून ठेवली. का, ते विचारू नकोस, मलाही सांगितलं नाही.

सारिका

अमळनेर, १ डिसेंबर

भाऊ,

पहिला कुत्रा मी मोडला. मातीत पूर्ण झाला होता, साचा काढायचाच बाकी होता. कुदळीच्या दांड्याने मोडला आणि मला इतका आनंद झाला की आबा घरातून पळत आले. त्यांना वाटलं मला वेड लागलं.

झालं असं. पट्ट्याचा साज छातीवरून नेमका कुठून जातो ते समाधानच्या फोटोत दिसत नव्हतं, कारण ते सगळे कुत्रे गालिच्यावर उभे. म्हणून मी संग्रहालयाच्या प्रमिला मॅडमना फोन लावला. दालनाचं सगळं त्यांच्याकडे आहे. त्या म्हणाल्या, "थांबा, त्या काळचे खरे फोटो पाठवते." पाठवले. मी ते मोठे करून कारखान्याच्या भिंतीवर चिकटवले आणि खाली बसून राहिले.

ते कुत्रे बारीक आहेत, भाऊ. पाय लांब, छाती खोल पण अरुंद, पोट आत ओढलेलं. वजन वीस-बावीस किलोच्या आसपास. केस दाट, पण झुबके नाहीत. आणि एकासारखा एक नाही. एक अंगावर मोठे पांढरे पट्टे असलेला बांडा, एक सगळा पांढरा, एक लांडग्यासारखा राखाडी, एकाच्या पाठीवर गडद खोगीर आणि एक असा ठिपक्याठिपक्यांचा, जणू कोणी चुन्याचा ब्रश झटकला. तोंडावर तो सुबक मुखवटा सगळ्यांना नाही. ऐटबाज उभं राहणं कुणालाच नाही. दमलेल्या, कामाच्या माणसांच्या रांगेसारखे उभे आहेत.

मॅडम म्हणाल्या, हे कुत्रे अलास्कात पहिल्यांदा शर्यतीला आणले तेव्हा तिथले लोक हसले. त्यांचे स्वतःचे कुत्रे मोठे, वजनदार. हे लहान पाहून त्यांनी यांना उंदीर म्हटलं. त्याच शर्यतीत उंदीर तिसरे आले. पुढच्या वर्षी पहिले.

मी आबांना भिंतीपुढे उभं केलं. ते एकेका फोटोजवळ गेले आणि म्हणाले, "हाऊ ते आपला गावना कुत्रा शे."

मी म्हटलं, "आबा, सैबेरियाचा आहे."

"व्हई. पन शे गावनाच. बठ्ठास्ना रंग येगयेगळा."

"सगळ्यांचा वेगळा, कारण रंग बघून त्यांना कोणी पाळलंच नव्हतं. ओढतो कसा ते बघायचे."

"मंग बरोबर शे," आबा म्हणाले. "रंग काय गाडी ओढस का?"

आबा घरात गेले आणि तेवढ्यावर मी दांडा उचलला. मोडलेल्या कुत्र्याची माती भिजत घातली आहे. नवीन सांगाड्याचा फोटो सोबत ठेवते. तुला आवडावा म्हणून नाही, तू बघावास म्हणून.

सारिका

अमळनेर, १५ डिसेंबर

भाऊ,

तुझा मेसेज आला. चार शब्द. "पाय अजून लांब कर."

मी तो आईला वाचून दाखवला, आत्याला फोनवर वाचून दाखवला, आबांना दोनदा वाचून दाखवला. सप्टेंबरपासून तू आम्हाला पाठवलेलं हे पहिलं वाक्य आणि त्यात ना ख्याली ना खुशाली, नुसती चूक काढलेली. आबा म्हणाले, "तो बरा शे मंग."

आणि चूक खरी होती. मी टेप लावली नाही, नुसतं लांब जाऊन डोळे बारीक करून पाहिलं, तू करतोस तसं. कोपरापासून खाली पाय आखूड पडले होते. उभा बरा दिसत होता, पळाला नसता.

मग मी ठरवलं, पळणारं पाहायचं. साक्रीच्या बाजूला ठेलाऱ्यांचे वाडे उतरलेत, मेंढ्या घेऊन. तिथल्या झिपरू नानांना मी सांगितलं, मला तुमचे कुत्रे पळताना बघायचेत. ते म्हणाले, "इकत लेवाना शे का?" म्हटलं, विकत नको, बघायचेत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच हसले. पण त्यांनी शीळ घातली आणि तिन्ही कुत्रे माळाच्या टोकापर्यंत जाऊन आले. मी आडवी पडून व्हिडिओ काढला. पुढचा पाय टेकतो तेव्हा खांद्याचं हाड कातडीखाली मागे सरकतं. ते सरकणं मातीत आणायचं होतं. आज आलं. तोंडावर अजून माती आहे, तशीच लिहायला बसलेय.

आता रंगाची भानगड ऐक, ही तुझ्या कामाची आहे. फोटो सगळे काळे-पांढरे. मॅडम म्हणाल्या, त्या काळी फोटो काचेच्या पट्ट्यांवर निघायचे आणि त्यांवर तांबडा रंग काळपट उमटायचा. म्हणजे फोटोत जो काळा दिसतो तो खरोखर काळा असेल, किंवा विटकरी असेल. वर्णनं लिहून ठेवलेली आहेत, त्यात राखाडी, पांढरे, कबरे, तांबूस, सगळे येतात. पण कोणत्या फोटोतला कोणता, ते नाही. पुढून तिसरा जो आहे, त्याच्या पाठीचा काळेपणा मला पटत नाही. पायांकडे तो फिकट होत जातो, आणि काळा रंग असा विरत नाही. मला तो पिंगट वाटतो. तुला काय वाटतं? फोटो पाठवलाय. चार शब्दांत सांगितलंस तरी चालेल.

सारिका

अमळनेर, ५ जानेवारी २०२५

भाऊ,

"पिंगट. पोटाकडे दूध." एवढंच आलं तुझ्याकडून आणि मी तसंच धरलं.

पण आज वेगळंच सांगायचंय. समाधान आला होता. तीन कुत्रे फायबरमध्ये उभे होते, दोन रंगवलेले. तो दारातच थांबला.

"हे काय?"

"पुढचा बांडा, तिकडचा पिंगट. राखाडी अजून रंगवायचाय."

"ताई, मी हस्की सांगितले होते."

"हे त्यांचेच पूर्वज आहेत."

"पूर्वज गेले खड्ड्यात. पोरं दालनात येतील, सेल्फी काढतील. त्यांना निळे डोळे पाहिजेत. ह्यांना पाहून लोक म्हणतील, बसस्टँडवरचे पकडून आणले."

मी त्याला मागणीचा कागद दाखवला. म्हटलं, कामाचे कुत्रे लिहिलंय, जुने लिहिलंय. तो म्हणाला, लिहिणारे लिहितात, पास करणारी समिती वेगळी असते आणि समितीला काय आवडतं ते मी वीस दालनं करून शिकलोय. माणूस वाईट नाही, भाऊ. चहा घेतला, आबांची चौकशी केली. पण जाताना म्हणाला, "पुण्याच्या एका कारखान्यात हस्कीचे साचे तयार पडलेत. आठवड्यात सात उभे करतात. तुम्ही बदलणार असाल तर पुढच्या सोमवारपर्यंत सांगा."

तो गेल्यावर आई म्हणाली, कर ना बाई तो म्हणतो तसे, कुत्रेच तर आहेत. मी बांड्याजवळ जाऊन बसले. त्याचा एक कान जरा खाली कललेला ठेवलाय, फोटोत आहे तसा. मला वाटलं, एवढं कळल्यावर आता मी ते गालिच्यावरचे कुत्रे करायला बसले तर हातच चालणार नाही.

प्रमिला मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "मला तुमचेच हवेत. पण मी एकटी ठरवत नाही. शुक्रवारी समिती बसतेय. एक कुत्रा घेऊन या."

येते म्हटलं. कशी ते अजून ठरलेलं नाही. पिकअपवाला लग्नाच्या भाड्यावर गेलाय.

सारिका

अमळनेर, ११ जानेवारी

भाऊ,

एसटीने नेला.

जुन्या चादरीत गुंडाळलेला बांडा, मी आणि आबा. आबांनी हट्टच धरला. कंडक्टरने विचारलं, "हे काय आहे?"

"कुत्रा."

"जिवंत?"

"नाही, फायबरचा."

"मग लगेज लागेल." त्याने चादर उचलून पाहिलं आणि लगेज फाडता फाडता म्हणाला, "चावतोय असं वाटतं." मला त्या माणसाला नाशिकपर्यंत पेढे चारावेसे वाटले.

मालेगावला गाडी थांबली. आबांना पाय मोकळे करायचे होते आणि बांड्याला एकटं सोडायला ते तयार नाहीत, म्हणून तोही खाली उतरवला. फलाटाच्या कडेला उभा केला तर स्टँडवरचा एक खरा कुत्रा आला. गुरगुरला. अंगावरचे केस उभे केले. मग मागे जाऊन रीतसर वास घेतला, गोंधळला आणि शेजारीच पाय पसरून बसला. आजूबाजूला गर्दी जमली. आबा गंभीरपणे म्हणाले, "पास व्हयना."

नाशिकला लांब टेबल, पाच माणसं, कोपऱ्यात समाधान. त्याने कॅलेंडरवाला फोटो पडद्यावर लावला, मी बांड्याची चादर काढली. मग एका वयस्कर सरांनी विचारलं, "ह्याच्या बांध्याची खात्री आहे तुम्हाला?"

"बांध्याची आहे. फोटोंवरून, वजनाच्या नोंदींवरून केलाय."

"आणि रंगांची?"

भाऊ, इथे मला हो म्हणता आलं असतं. सगळे हो ऐकायलाच बसले होते. मी म्हटलं, "सातांतल्या पाचांची आहे. दोघांचा अंदाज आहे. एक पिंगट धरलाय तो काळाही असू शकेल."

समाधानने डोळे मिटले. मला वाटलं, घालवलं. पण ते सर पुढे झुकले आणि माझ्याशी नाही, मॅडमशी बोलायला लागले. तांबडा काळा का उमटतो, ते मुलांना तिथेच दाखवता येईल का, एकच चित्र दोन काचांतून बघायला ठेवता येईल का. मॅडम उठून फळ्याकडे गेल्या. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, मग जिथे अंदाज आहे तिथे अंदाज असं सरळ लिहूया. अर्धा तास आम्हाला कोणी विचारलंच नाही, ते सगळे कुत्र्यांच्या रंगावरच भांडत होते. इतकं गोड भांडण मी आजवर ऐकलं नव्हतं.

पास झाले, सातही. पंधरा फेब्रुवारीला सगळे तयार पाहिजेत.

बाहेर समाधान म्हणाला, "ताई, तुम्ही आज मला मारलंच होतं." आणि बांडा त्यानेच उचलून संग्रहालयाच्या गोदामात नेला.

सारिका

अमळनेर, ३० जानेवारी

भाऊ,

हे पत्र आबांना न सांगता लिहितेय.

बांडा धरून पाच कुत्रे उभे आहेत. दोन बाकी, गाडी सुताराकडे, माणूस मातीत आहे. काम पळतंय. रोज सकाळी कारखान्याचं कुलूप काढताना मला धावत आत जावंसं वाटतं, इतके ते सगळे मिळून माझ्याकडे पाहत असतात. पण रंगात मी अडकलेय. लांडगी राखाडी म्हणजे एक रंग नाही. प्रत्येक केस बुडाशी फिकट, मधे पिवळसर, टोकाला काळा. हाताने होत नाही, स्प्रेने फवारा देऊन मग कोरड्या ब्रशने ओढावं लागतं आणि ते तुझं काम आहे. माझा राखाडी सिमेंटच्या पोत्यासारखा दिसतो.

आबांना सांगता आलं असतं, तर सांगितलं असतं. त्यांचा उजवा हात थरथरतो. वर्ष झालं. गेल्या गणपतीत शेवटच्या मूर्तींचे डोळे मी काढले, त्यांनी नाही. तू तेव्हा बाहेर मंडपाच्या कामावर होतास. त्यांनी कारखाना घाईने माझ्याकडे दिला तो एवढ्यासाठी, की तो डोळे काढणाऱ्याच्या नावावर असावा; तुझं काम रंगाचं, डोळे तू कधी काढले नाहीस. तू रागाने विचारलंस, माझ्यात काय कमी आहे. त्यांना हात दाखवायचा नव्हता, म्हणून ते गप्प राहिले. मला शपथ घातली होती. ती मी आज मोडली, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

ये, असं मी लिहीत नाही. राखाडी कसा ओढायचा ते तरी सांग.

सारिका

अमळनेर, १२ फेब्रुवारी

भाऊ,

तुझा व्हिडिओ मिळाला. नुसता तुझा हात, ब्रश आणि एक पत्र्याचा तुकडा. आवाज नाही. तीन थर, मधला ओला असताना ओढायचा. मी तो कारखान्यात लावला आणि आबा स्टूल ओढून पुढे बसले. संपला की परत लावायला सांगायचे, "आखो लाव." ते तुझ्या हाताकडे पाहत होते. मी राखाडीकडे पाहत होते.

आला, भाऊ. राखाडी आला. काल दुपारी उन्हात काढून ठेवला तर वाऱ्याने केस हलतात असं वाटलं. चौदा डोळे मी काढले: तेरा तपकिरी, एक निळा. तो एक निळा समाधानसाठी, आणि जुन्या वर्णनांत तसाही बसतो.

परवा ट्रक येतोय. हातावर सगळे सात रंग आहेत, साबणाने जात नाहीत आणि जाऊ नयेत असंच वाटतं.

सारिका

अमळनेर, २ मार्च

तेजसभाऊ,

आता तू फोन उचलतोस. पण तू बस पकडून गेल्यावर काय झालं ते फोनवर सांगताना मी मधेच रडेन किंवा हसेन, म्हणून लिहिते.

आधी माझ्या बाजूने ऐक. उद्घाटन झालं, पाहुणे गेले आणि दालन लोकांना खुलं केलं. मी कोपऱ्यात उभी राहून लोकांचे चेहरे बघत होते. शाळेच्या मुली होत्या, त्यांच्यामागे एक माणूस गाडीला जुंपलेल्या शेवटच्या कुत्र्यापाशी उकिडवा बसून त्याचा मागचा पाय बघत होता. लोक कुत्र्यांचं तोंड बघत होते, हा पाय बघतोय. मला पाठ ओळखू आली नाही. बसणं ओळखू आलं.

तू म्हणालास, "मागचा पाय जमलाय." मी म्हटलं, "कधी आलास?" तू म्हणालास, "तिकीट काढून आलो." आणि मग बाहेर चहाच्या गाडीवर तू जे बोललास ते मी तुझ्याच शब्दांत लिहून ठेवतेय: "मला वाटलं होतं तू शेवटी समाधानचेच कुत्रे करशील. मग मला हैदराबादेत सुखाने चिडून बसता आलं असतं."

तू आबांजवळ गेलास तेव्हा मी मुद्दाम लांब थांबले. तुम्ही दोघं काय बोललात मला ऐकू आलं नाही. फक्त दिसलं, की तू त्यांचा उजवा हात तुझ्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाहीस, आणि आबांनी तो काढून घेतला नाही. सहा महिने ते तो हात खिशात घालून फिरत होते.

मग तुझी बस. आता पुढचं.

तू गेल्यावर आबा परत दालनात आले. शाळेतली एक मुलगी मॅडमना विचारत होती, "हे एवढेसे बारीक होते, तर जिंकले कसे?" मॅडम सांगायला लागल्या, आणि आबा मधेच म्हणाले, "मना पोऱ्यानी आन मनी पोरनी बनाडात." माझ्या मुलाने आणि माझ्या मुलीने बनवलेत. विचारलं होतं भलतंच, उत्तर भलतंच. ती मुलगी मान डोलावून म्हणाली, "हो का." मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिला बांड्यापाशी नेलं आणि लांब पायांचं सगळं समजावलं. आबा पुढच्या माणसाकडे वळले आणि त्यालाही तेच सांगितलं. दालन बंद होईपर्यंत जो येईल त्याला तेच. समाधान मला म्हणाला, "तुमच्या वडिलांना इथे नोकरीला ठेवा."

आणि भाऊ, निघताना मॅडमनी मला थांबवलं. ज्या भागातून हे कुत्रे आले तिथेच आतल्या बाजूला रेनडिअर पाळणारी माणसं राहतात. समितीला आता शेजारची भिंत त्यांना द्यायची आहे. माणसं, तंबू आणि रेनडिअरचा कळप. मी विचारलं, किती? त्या म्हणाल्या, नऊ तरी. आणि प्रत्येकाची शिंगं वेगळी, एकाचं एक शिंग मोडलेलं.

मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, शिंगं मी आयुष्यात कधी केली नाहीत. आपल्याकडची बैलांची तूच करायचास. माझी कायम मुळ्यासारखी दिसतात.

मे महिन्यात काम सुरू. हैदराबादचं तुझं सोडायला मी सांगत नाही. शिंगं तिकडे करून पाठवतोस की इकडे येऊन करतोस, ते तू बघ. आबांनी मात्र कारखान्याच्या मागच्या खोलीतलं पोतं-पाटी बाहेर काढायला सुरुवात केली आहे. मी हे लिहितेय आणि तिकडून झाडूचा आवाज येतोय.

सारिका